छापील काकू

त्या साली येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लक्ष्मीबाईचं आंबिलीकडं लक्षच नव्हतं. एरवी या सणाला ती चुलीपाशी कुणाला फिरकू द्यायची नाही. भज्जीत तूर किती, हरभरा किती, बाजरीचे उंडे केवढे, सगळं तिच्याच हातचं. यंदा मात्र बैलगाडी मुरुडच्या शेतात पोचली, कडब्याच्या कोपीत दगडांचे पांडव मांडून झाले, पूजा झाली, रानात आंबील शिंपडून झाली, तरी बाईचा पाय एका जागी ठरेना. उठायची, बांधावर जायची, डोळ्यांवर हात धरून स्टेशनच्या वाटेकडं बघायची आणि परत यायची.

"दिसला का गं तुझा भाऊ?"

"अक्का, आत्ताच तर बघून आलात," सौदामिनी म्हणाली. ती धाकटी जाऊ. उंडे ताटात मांडत होती आणि हसू दाबता दाबता बेजार झाली होती. "येईल हो दादा. गाडी मुरुडला थांबली की चालतच सुटेल तो."

"आन् गाडीच रस्त्यात बंद पडली म्हंजे?"

एवढी घाई कशाची, तर सौदामिनीचा भाऊ वसंतराव, नांदेडला खासगी शाळेत मास्तर होता तो, आज मासिक घेऊन येणार होता. पुण्याहून मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात सौदामिनीची गोष्ट छापून आली होती. छापून! निजामाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात! घरात आजवर कुणाचं नाव छापलं गेलं असेल तर ते लक्ष्मीबाईच्या नवऱ्याचं, बापूसाहेबांचं, तेही उर्दूत, कचेरीच्या एका कागदावर, आणि त्यातही बापाचं नाव चुकलेलं.

आणि गोष्ट तरी कुणाची? गेल्या साली हुरड्याच्या दिवसांत याच शेतात सिंधु हरवली होती, त्याची. लक्ष्मीबाईनं माहेराहून, देवणीहून, एक बांडी, काळ्या डागांची कालवड आणली होती. तिच्या मागंमागं ही सहा वर्षांची पोर पार ओढ्यापल्याड गेली आणि दिवे लागायच्या वक्ताला सापडली. तोवर अख्ख्या घराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती गोष्ट सौदामिनीनं आधी सिंधूला सांगितली, पोरीनं ती पुन्हापुन्हा मागितली, आणि मग कागदावर उतरवली. पोस्टात टाकण्याआधी ती लक्ष्मीबाईच्या कानाशी लागली होती.

"अक्का, गोष्टीत तुम्ही आहात बरं का."

"मी? अय्यो! कोण म्हणून?"

"आई म्हणून. सिंधु म्हणते तसंच."

झालं! त्या दिवसापासून बाई हवेत होती. लातूरच्या सगळ्या गंजगोलाई बाजाराला सांगून झालं होतं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, तर सौदामिनीच्या मागं लागून तिनं तेवढा एक शब्द शिकून घेतला. आ आणि ई. राखेत बोटानं काढून काढून घोटला. छापून आलं की आपलं आपल्याला सापडलं पाहिजे म्हणून.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर परक्या माणसाचा घोळ होतो. सिंधु पोटची सौदामिनीची. पण ती आई म्हणायची लक्ष्मीबाईला. त्याचं असं झालं की सासूबाई गेल्या तेव्हा बापूसाहेबांचा सगळ्यात धाकटा भाऊ शेषू रांगत होता. त्याला लक्ष्मीबाईनं वाढवलं, आणि तो तिला आई म्हणायला लागला. मधल्या उद्धवला तो भाऊ म्हणायचा, आणि उद्धवची बायको आली तिला वहिनी. सिंधु बोलायला शिकली ती शेषूच्या पाठीवर बसून. म्हणून तिचा बाप झाला भाऊ, जन्मदाती झाली वहिनी, आणि आई ती लक्ष्मीबाई. शेषू आता हैदराबादला कॉलेजात होता, पण त्यानं शिकवलेलं काही बदललं नाही. लातुरात घरोघरी असलं काहीतरी होतंच, कुणाला त्याचं नवल नव्हतं. लक्ष्मीबाईला मात्र होतं. लग्नाला एवढी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, तोंडावर कुणी बोललं नाही तरी पाठीमागं काय बोलतात ते तिला ठाऊक होतं. कुणी 'आई' म्हणून हाक मारली की तिच्या काळजाला अजून गार वाटायचं.

"आला! आला! मामा आला!" सिंधु लिंबाच्या झोक्यावरून ओरडली आणि झोका चालू असतानाच तिनं खाली उडी टाकली.

वसंतराव धुळीनं माखून आला. पायही धुऊ दिले नाहीत त्याला. उद्धवनं त्याच्या हातातली पिशवी ओढली, सिंधु त्याच्या धोतराला लोंबकळली, आणि शेजारच्या शेतातून रत्नम्मा, जिला लक्ष्मीबाईनं मुद्दाम ऐकायला बोलावलं होतं, ती हातातला पापड तसाच घेऊन पळत आली. बापूसाहेब तेवढे कोपीपुढं घोंगडीवर बसून होते. लातूरच्या अदालतीतले वकील ते, घाई त्यांना शोभत नव्हती. पण चष्मा मात्र त्यांनी केव्हाच नाकावर चढवला होता.

"आधी हिकडं आणा. पेश करा," ते म्हणाले.

मासिक त्यांच्या हातात दिलं. उभा जन्म उर्दू वाचण्यात गेलेला. त्यांनी ते सवयीनं मागून उघडलं आणि भुवया वर केल्या. "शेवटच्या पानावर साबणाची जाहिरात हाय. गोष्ट कुठाय?"

"दादा, तिकडून न्हाई, हिकडून," उद्धव म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. बापूसाहेबही हसले. मग पान सापडलं आणि हसणं थांबलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: सौ. सौदामिनी, लातूर (मोगलाई).

"लातूर," बापूसाहेब हळूच म्हणाले. "आपलं लातूर, पुण्यात." त्यांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला.

"आणि ऐका तर खरं," वसंतरावला दम निघत नव्हता. "संपादकांनी दर महिन्याला एक गोष्ट मागितलीय! वर्षभर! मी उद्या नांदेडला गेलो की त्यांना हो की नाही ते कळवायचंय."

सौदामिनीनं तोंडावर पदर धरला. उद्धवनं मोठ्यानं "वा रे पठ्ठे!" म्हटलं आणि थोरला भाऊ समोर आहे हे ध्यानात येऊन जीभ चावली. पण सगळ्यात मोठा आवाज लक्ष्मीबाईचा.

"दर म्हयन्याला! रत्नम्मा, ऐकलंस का? दर म्हयन्याला मी छापून येणार! अहो, हो म्हणा की! कळवायचं काय त्यात? हो म्हणजे हो!"

"आधी ऐकू तर द्या," बापूसाहेब म्हणाले. पण त्यांच्याही तोंडावर मान्यता दिसत होती.

आधी चित्र बघण्यावरून झोंबाझोंबी झाली. चित्रात झगा घातलेली, केसांना फीत लावलेली एक गुबगुबीत पोरगी होती. तिच्या शेजारी चार पायांचं काहीतरी होतं.

"ही मी?" सिंधूनं आपल्या परकराकडं बघितलं. "माझी फीत कुठंय?"

"आन् ही देवणी कालवड?" लक्ष्मीबाई उसळली. माहेरचा प्रश्न होता. "ही तर शेळी हाय! पांढरीफेक! देवणीचं जनावर असतंय होय असं? काळे डाग कुठं गेले? त्या चित्रवाल्याला म्हणावं ये, दावते तुला!"

"अक्का, पुण्यात कुठली देवणी?" सौदामिनी हसत म्हणाली.

मग लक्ष्मीबाईनं मासिक मांडीवर घेतलं आणि ओळींवरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट चाललं, चाललं, थांबलं. "आ... ई. आई! हे बघ! रत्नम्मा, हे बघ, हितं! आन् हे हितंबी! आन् हितं! अगं बया, किती जागी हाय मी!" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. सिंधु तिच्या गळ्यात पडली. सौदामिनीला तिच्याकडं बघूनच इतका आनंद झाला की तिनं उगाच आंबिलीत पळी फिरवली.

"वाचा आता," बापूसाहेबांनी हुकूम सोडला.

वसंतराव शाळेत वाचतात तसं खडखडीत वाचू लागला. "चिमी नावाची एक गोड मुलगी होती. ती आपल्या आईबाबांबरोबर राहत असे."

"आई! पहिल्याच झटक्यात!" लक्ष्मीबाईनं रत्नम्माला कोपर मारलं.

"तिची आई फार प्रेमळ होती. ती चिमीशी नेहमी मृदू आवाजात बोले."

यावर उद्धवला खोकला आला. लक्ष्मीबाईचा आवाज तीन शेतं पलीकडं जायचा. बैलसुद्धा तिला वचकून असत. "का? हसाया काय झालं?" ती म्हणाली. "मृदूच हाय की मी. हाय का न्हाई गं सिंधे?" आवाज ऐकून लिंबावरचे कावळे उडाले, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

सौदामिनी तेवढी हसत नव्हती. तिच्या हातातली पळी थांबली होती. मृदू आवाजाचं तिनं काही लिहिलं नव्हतं. बाबा तर लिहिलेच नव्हते. तिनं भावाकडं बघितलं, पण तो वाचण्यात रंगून गेला होता.

"घरात चिमीची काकूही होती. काकू फार कडक होती."

"काकू?" रत्नम्मा म्हणाली. "ही कोण आली मधीच?"

"असंल कुणी," लक्ष्मीबाई म्हणाली. "गोष्टीत घालावं लागतंय एक वाईट माणूस. वाचा तुमी."

गोष्ट पुढं गेली. कालवड सुटली, चिमी मागं गेली, ओढा आला, अंधार पडायला लागला. सगळ्यांना शेवट ठाऊक होता तरी श्वास रोखून बसले होते. रत्नम्मानं तर पापडाचा चुरा केला. चिमी सापडली. वसंतरावनं आवाज चढवला.

"चिमी लिंबाच्या झाडाखाली येताच काकू धावून आली आणि तिने चिमीच्या गालावर फाडकन चपराक मारली."

लिंब समोरच होता. गेल्या साली त्याच लिंबाखाली सिंधूच्या गालावर चपराक कुणी मारली होती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकानं डोळ्यांनी बघितलं होतं.

वसंतरावला काय ठाऊक! तो आपला वाचतच राहिला. "तेवढ्यात आई धावत आली. तिने चिमीला काकूच्या हातातून सोडवून उराशी कवटाळले. बाबांनी तिला उचलून खांद्यावर घेतले आणि तिचे पटापट मुके घेतले."

"उद्धव?" बापूसाहेब दचकून म्हणाले.

"न्हाई दादा! शप्पथ! मी कशाला?" उद्धवचे कान लाल झाले. थोरल्यांपुढं आपलं पोर उचलून घेणं म्हणजे त्या घरात बेशरमपणाच. सात वर्षांत त्यानं सिंधूला चारचौघांत कधी बोट लावलं नव्हतं. "मी तवा ओढ्यात होतो! मुके कुठले!"

एरवी यावर दिवसभर हसले असते. पण लक्ष्मीबाई उभी राहिली होती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज एवढासा निघाला. "म्हंजे काकू ती मी व्हय?"

"अक्का, ऐका..."

"आन् आई ती तू."

"अक्का, मी असं लिहिलंच नाही!"

"मग कुणी लिहिलं? माझ्या सासऱ्यानं? खाली नाव कुणाचं हाय?" आता आवाज परत मोठा झाला. "सहा म्हयने मला फुगवून ठेवलं. आई म्हणून हाय म्हणं! मी राखेत बोटं घासली, अन् तिथं मी कोण, तर पोराला मारणारी! अन् ही धावत येऊन सोडवती! माझ्या हातातनं! मला सांगायचं होतंस की तोंडावर, माझी पोर मला दे म्हणून. पुण्याला कशाला जाऊन वरडलीस?"

"पुस्तकातल्या काकवा तसल्याच असत्यात बाई," रत्नम्मानं तेल ओतलं. "माझ्या नातवाच्या पुस्तकातबी काकू म्हटलं की मारकीच."

"रत्नम्मा, तुमी गप बसा," उद्धव म्हणाला. "वैनी, ती खोटं न्हाई बोलून राहिली. मी वाचली होती गोष्ट."

"तू तर बायकोचाच!"

"अहो, संपादकांनी बदललं असेल," वसंतरावला आता कुठं घाम फुटला. "पुण्याच्या मुलांना कळायला नको का? आईला वहिनी आणि काकूला आई, वाचणाऱ्यानं समजायचं काय? मुलांच्या गोष्टीत आई म्हणजे आई लागते, बाबा लागतात. मला तर वाटलं, गोष्ट छान सुटसुटीत झालीय..."

"सुटसुटीत?" सौदामिनी भावाकडं अशी वळली की तो मागं सरला. ती त्याच्यावर कधी आवाज चढवत नसे. "दादा, तू आगगाडीत वाचलीस आणि तुला काहीच वाटलं नाही? माझं घर काढून दुसऱ्याचं घातलंय त्यांनी! नाही लिहायचं मला. एकसुद्धा नाही. कळव त्यांना."

पण हे म्हणताना तिची नजर दादाच्या हातातल्या मासिकावरच होती. लिहायचं सोडायचं म्हटल्यावर आतून काय तुटलं ते सगळ्यांना दिसलं. आणि लक्ष्मीबाईनं मघाशी दुसरंही बघितलं होतं. 'आई धावत आली' हे वाचलं तेव्हा सौदामिनीच्या डोळ्यांत, घटकाभरच, पण एक उजेड आला होता. तो तिनं चोरून लपवला. तेच लक्ष्मीबाईला सगळ्यात जास्त झोंबलं.

"मला कुणाचं कायबी ऐकायचं न्हाई," ती म्हणाली. "भाऊ बहिणीचा, नवरा बायकोचा."

"बरोबर हाय," बापूसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा परत चढवला, मांडी बदलली. आता ते अदालतीत बसल्यासारखे दिसत होते आणि खरं तर त्यांना जरा मजाही येत होती. "दोन्ही गवाह नातलग. जबानी कामाची न्हाई. हिनं लिहिली तवा गोष्ट कशी होती, हे तिसऱ्या कुणाला ठाऊक हाय का?"

"मला!" सिंधु म्हणाली. ती मघापासून नाराजच होती. "मला सगळी येती. ह्यांनी वाचली ती चुकीचीच हाय."

"हिकडं ये. समोर उभी राहा. खरं बोलायचं."

सिंधु घोंगडीसमोर उभी राहिली. परकर खोचला. "चिमी न्हाई. मीच," तिनं सुरुवात केली आणि मग तिला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. ती कालवड झाली, ओढा झाली, ओढ्यातला बेडूक झाली. कालवड कशी शेपटी वर करून उधळली ते तिनं कोपीभोवती पळून दाखवलं. ते बघून वसंतराव तोंड उघडं टाकून बसला. छापलेल्या गोष्टीत बेडूक नव्हता. बापूसाहेबांचा चष्मा घसरला. लक्ष्मीबाई पाठमोरी उभी होती, ती हळूच अर्धी वळली.

"मग मी लिंबापाशी आले. मग आई आली, पदर हितं, केस असे! आन् आईनं मला फाडकन वाजवली!"

"कुणी?" बापूसाहेबांनी विचारलं.

"आईनं. ही काय, आईनं." सिंधूनं लक्ष्मीबाईकडं बोट केलं. "लई लागलं. मग आई मटकन खाली बसली आन् मलाच धरून मोठ्यानं रडली. म्हणली, तू गावली नसतीस तर मी कुणाला मारलं असतं गं? मग मीबी रडले. मग आईनं मला दशमी खाऊ घातली, दुधात भिजवून. हाय की न्हाई वहिनी, असंच हाय ना?"

सौदामिनीनं मान हलवली. लक्ष्मीबाईच्या तोंडून "अगं माझे बाई" एवढंच निघालं. ते शब्द तिचेच होते, कुणाला मारलं असतं म्हणाली होती ती. आणि ते सौदामिनीनं लिहून ठेवले होते, आईच्या नावानं. ती गाडीच्या जूवर टेकली. हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं ते तिला कळेना.

"फैसला झाला!" उद्धव ओरडला. "दादा, झाला की न्हाई?"

"थांबा, माझी गोष्ट कुठं संपली?" सिंधु पाय आपटून म्हणाली. "अजून वहिनी हाय."

"वहिनी कुठं होती गं?" रत्नम्मानं विचारलं. पापड संपला होता तरी ती हललेली नव्हती.

"वहिनी गाडीआड उभी होती. बापूसाहेब होते ना, मग कशी येणार? मग आपण घरी आलो. मी आईपाशी निजले. मग वहिनी आली, आन् गोधडीत हात घालून माझा अंगठा धरला. पायाचा. गोष्ट संपली."

"त्या दिवशी?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"रोजच धरती की," सिंधु म्हणाली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. "मी निजोस्तर. मग जाती."

सौदामिनीची मान खाली गेली होती. चोरी पकडल्यावर जाते तशी. "ते त्यांनी काढलंच," ती पुटपुटली. "शेवटच काढून टाकला."

आधी लक्ष्मीबाईला राग आला, खोटं कशाला सांगा. माझ्या गोधडीत! मला न सांगता! आणि मग तिला तो पाय आठवला. थंडीचे दिवस असोत की काही असोत, या पोरीचा डावा पाय रोज गोधडीबाहेर. सर्दी होईल म्हणून लक्ष्मीबाई झोपेतच तो आत ढकलायची, वरून गोधडी घट्ट खोचायची, सकाळी पोरीला बोलायची, पाय आत ठेवत जा म्हणून. सात वर्षं. आणि पलीकडं अंधारात, जमिनीवर, ही सौदामिनी बसलेली असायची, श्वास दाबून, गोधडी परत सैल व्हायची वाट बघत. घरातल्या एकाही माणसाला याचा पत्ता नव्हता. लिहिलं नसतं तर तिला मरेपर्यंत कळलं नसतं.

"वसंतराव," ती उठत म्हणाली, "तुमच्या त्या संपादकाला कळवा. हो म्हणून कळवा. ही लिहील, दर म्हयन्याला लिहील. पण पहिल्याच ओळीत छापायचं म्हणावं, आमच्या घरात आईला वहिनी म्हणत्यात आन् काकूला आई म्हणत्यात. झालं. एवढ्यात काय कळायचं न्हाई? आमच्या सात वर्साच्या पोरीला कळतंय, तर पुण्याच्या पोरांना डोकं दिलं न्हाई का देवानं?"

"आणि त्यांनी नाही छापलं तर, अक्का?" सौदामिनीनं डोळे पुसत विचारलं.

"न्हाई छापलं तर दुसऱ्याकडं धाडू. मुंबईला धाडू. एक काय तेवढंच दुकान हाय? आन् बेडूक घाल म्हणावं. बेडूक का काढला मेल्यांनी?"

"हाव! बेडूक!" सिंधु टाळ्या पिटत उड्या मारू लागली. उद्धव हसता हसता घोंगडीवर आडवा झाला. वसंतरावनं खिशातून पेन्सिल काढली आणि मासिकाच्या कडेला पहिली ओळ लिहूनच घेतली, मास्तर तो. सौदामिनीला हसू आणि रडू एकदमच आलं, तिनं पदरात तोंड खुपसलं.

लक्ष्मीबाईनं सिंधूला बखोटीला धरून उचललं. पोर आता जड झाली होती, पाय खाली लोंबत होते. ती चार पावलं चालली आणि पोर सौदामिनीच्या मांडीत टाकली.

"घे."

सौदामिनीनं घाबरून वर बघितलं. तिचे हात हवेतच राहिले. "अक्का, थोरले बसलेत समोर."

"दिसतंय मला. थोरली मी हाय. घे म्हणते न्हवं?"

मग त्या हातांनी पोर धरली. आधी नुसतीच धरली, परक्याचं लेकरू धरावं तशी, आणि मग एकदम इतकी घट्ट की सिंधु कावरीबावरी झाली. "वहिनी, सोड ना," ती तिच्या कानाशी लागून म्हणाली, "बापूसाहेब बघून राहिले."

बापूसाहेबांना ते ऐकू गेलं. त्यांनी चष्मा काढला, उपरणं सावरलं, जुन्या माणसानं करावं तसं नजर दुसरीकडं वळवली आणि बांधाकडं जायला उठले.

"कुठं निघालात?" लक्ष्मीबाई म्हणाली. "बसा. चष्मा घाला आन् बघा."

बापूसाहेब खाली बसले आणि त्यांनी चष्मा घातला.